खाडीतील चपटा मासा आणि हलका गळ

ओहोटीच्या वेळी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एखाद्या खाडीकाठी उभे राहिले, तर समोर चिखलाचा विस्तीर्ण पट्टा, त्यातून वाकडीतिकडी वाहणारी पाण्याची चिंचोळी धार आणि चिखलात चोच खुपसून फिरणारे पाणपक्षी यांखेरीज फारसे काही दृष्टीस पडत नाही. येथे मासे असतील अशी कल्पनाही मनात येत नाही. परंतु काही तासांनी भरतीचे पाणी त्या धारेतून वर चढू लागते, चिखलाच्या कडा एकामागून एक बुडतात, आणि वीत-दीड वीत खोलीच्या त्या पहिल्याच पाण्याबरोबर, तळाशी अंग चिकटवून, एक मासा आत शिरतो. चिखलाच्या रंगाचा हा मासा चिखलावरच सरकत येत असल्यामुळे काठावरच्या माणसाला तो दिसत नाही. त्याला तेथील लोक फ्लाउंडर म्हणतात. प्लॅटिक्थिस फ्लेसस हे त्याचे शास्त्रीय नाव होय.

फ्लाउंडर मोठा मासा नव्हे. खाडीत गळाला लागणारे बहुतेक मासे २५ ते ३५ सेंटिमीटर लांबीचे आणि पाव ते अर्धा किलोग्रॅम वजनाचे असतात. एक किलोग्रॅमचा फ्लाउंडर मिळाला तर गरवणारा ती गोष्ट वर्षभर सांगत राहतो. कॉर्नवॉलमधील फाउई येथे १९५६ साली मिळालेला सुमारे २.६ किलोग्रॅमचा मासा हा ब्रिटनमधील विक्रम म्हणून नोंदला गेला आहे. इतक्या लहान माशासाठी जाड दोर, लांब काठी आणि जड शिसे वापरणे म्हणजे फुलपाखरासाठी पाग टाकण्यासारखे आहे. म्हणून या माशासाठी हलक्या साधनांची एक वेगळी पद्धत रूढ झाली. तिच्यामागे हौस आहेच, परंतु माशाच्या शरीररचनेचे आणि भरती-ओहोटीचे बरेच शास्त्रही आहे.

कुशीवर निजलेला मासा

कोकणच्या वाचकाला चपटा मासा नवा नाही. जिभेच्या आकाराची लेप आणि तिच्याहून मोठा भाकस हे मासे आपल्या बाजारात येतात. मात्र चपटा मासा म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पापलेट उभे राहते, आणि तेथेच घोटाळा होतो. पापलेट दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे असले तरी ते इतर माशांप्रमाणे पाठ वर आणि पोट खाली ठेवूनच पोहते. फ्लाउंडर, लेप, भाकस यांची गोष्ट निराळी आहे. ते एका कुशीवर आडवे झालेले मासे आहेत. फ्लाउंडरचा जो गडद भाग वर दिसतो ती त्याची पाठ नसून उजवी कूस असते. जमिनीला लागलेला पांढरा भाग ही त्याची डावी कूस. दोन्ही डोळे उजव्या कुशीवर असतात. लेपीत हाच प्रकार उलट असतो, तिचे दोन्ही डोळे डाव्या बाजूस असतात. फ्लाउंडरमध्येही डाव्या बाजूस डोळे असलेले उलटे मासे अधूनमधून सापडतात.

जन्मतः मात्र हा मासा असा नसतो. त्याची सुमारे एक मिलिमीटर व्यासाची अंडी समुद्रात तरंगत असतात आणि त्यांतून निघालेले पिल्लू इतर कोणत्याही माशाच्या पिल्लासारखे उभे पोहते. त्याचा एक डोळा उजवीकडे आणि एक डावीकडे असतो. पिल्लू सुमारे एक सेंटिमीटर लांबीचे होते त्या सुमारास अवटु ग्रंथीच्या संप्रेरकाच्या प्रभावाने त्याचे रूपांतर होते. डावा डोळा कपाळाच्या कडेवरून सरकत उजवीकडे येतो, कवटीची हाडे पिळवटतात, आणि पिल्लू कुशीवर कलंडून तळाला जाते. अशी अर्धवट सरकलेल्या डोळ्याची अवस्था उत्क्रांतीत उपयोगी कशी ठरली असेल, असा आक्षेप सेंट जॉर्ज मिव्हार्ट यांनी १८७१ साली डार्विनच्या सिद्धान्तावर घेतला होता, आणि डार्विनने १८७२ च्या आवृत्तीत त्याला उत्तर दिले होते. वादाला निर्णायक पुरावा मिळण्यास बराच काळ जावा लागला. इटलीतील मॉन्टे बोल्का येथील सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतील जीवाश्मांचा अभ्यास मॅट फ्रीडमन यांनी २००८ साली प्रसिद्ध केला. त्या माशांच्या कवटीत एक डोळा वर सरकलेला होता, परंतु तो दुसऱ्या बाजूस पोचलेला नव्हता. आपल्या भाकसाचाही वरचा डोळा डोक्याच्या कडेवरच असतो. बाजारात गेल्यावर तो कोणालाही पाहता येईल.

गरवणाऱ्याच्या दृष्टीने या पिळवटलेल्या देहाचे दोन परिणाम महत्त्वाचे. पहिला असा की, उंचवट्यावर बसविलेले ते दोन डोळे वर आणि पुढे पाहतात. मासा अंगावर वाळूचा पातळ थर ओढून पडून राहतो आणि फक्त डोळे उघडे ठेवतो. त्याच्या समोरून, तळाला लागून, काही हलत गेले तर ते त्याच्या नजरेतून सुटत नाही. परंतु हातभर वरून गेलेल्या भक्ष्यामागे तो सहसा धावत नाही. दुसरा परिणाम तोंडाचा. जबडाही पिळवटलेला आणि लहान असतो, व खालच्या, म्हणजे आंधळ्या बाजूचे दात अधिक वाढलेले असतात. तळावरचे भक्ष्य टिपून आत शोषून घेण्यास ते सोयीचे असते. गळ केवढा असावा आणि तो कोठे असावा, हे या दोन गोष्टींवरून ठरते.

चपट्या माशांचा रंग हाही एक जुना कुतूहलाचा विषय आहे. जे. टी. कनिंगहॅम यांनी १८९० नंतरच्या वर्षांत प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत काचेच्या तळाच्या टाकीत लहान फ्लाउंडर ठेवले, वरून झाकण घातले आणि खालून आरशाने उजेड पाडला. काही महिन्यांनी माशांच्या पांढऱ्या कुशीवरही रंगकण उमटू लागले. एफ. बी. समनर यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भूमध्य समुद्रातील एका चपट्या माशाला काळ्यापांढऱ्या चौकटींच्या, ठिपक्यांच्या, बारीक रेतीच्या पार्श्वभूमीवर ठेवले असता तो आपले ठिपके त्या त्या नमुन्याशी जुळवून घेतो असे दिसले. दृष्टी नष्ट झालेल्या माशाला मात्र हे साधत नव्हते. पुढे १९९६ साली व्ही. एस. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्ण समुद्रांतील एका जातीवर प्रयोग करून दाखविले की, हा बदल २ ते ८ सेकंदांतही होऊ शकतो. तेव्हा खाडीत मासा दिसत नाही म्हणून तो नाही असे मानणे धोक्याचे.

पाण्याच्या वाहनावरचा प्रवासी

फ्लाउंडरचे वेळापत्रक भरतीच्या हाती असते. चिखलात त्याचे अन्न भरलेले असते. रॅगवर्म आणि लगवर्म हे समुद्री कृमी, चिखलात बिळे करणारे बारीक कवचधारी प्राणी, लहान शिंपले, कोळंबी आणि किनाऱ्यावरचे हिरवे खेकडे. ओहोटीच्या काळात हे सारे उघड्या चिखलात दडून असते. पाणी चढू लागताच मासा त्याबरोबर चरावयास निघतो आणि पाणी उतरू लागले की मुख्य धारेत परततो. या प्रवासात तो फार शक्ती खर्च करीत नाही. लहान फ्लाउंडर भरतीच्या वेळी तळापासून थोडा वर उठतो आणि प्रवाहाबरोबर वाहत जातो. ओहोटी लागली की तळाला घट्ट बसून राहतो. पुन्हा भरती, पुन्हा वर उठणे. अशा टप्प्याटप्प्याने बोटाच्या पेराएवढी पिल्ले समुद्रातून नदीत कित्येक किलोमीटर आत, अगदी गोड्या पाण्यापर्यंत जातात.

म्हणून भरतीचे पहिले दोन-तीन तास हा गरवण्याचा उत्तम काळ समजला जातो, आणि जागा म्हणून मुख्य धारेतून चिखलाकडे फुटणारे फाटे पसंत केले जातात. नवख्या माणसाची नेहमीची चूक ही की, तो शक्य तितक्या लांब गळ फेकतो. मासा त्या वेळी त्याच्या पायाजवळून पुढे गेलेला असतो. मासा किती उथळ पाण्यात येतो याचा दाखला स्कॉटलंडच्या सॉल्वे खाडीत मिळतो. तेथे अनवाणी पायांनी पाण्यात चालत, पायाखाली वळवळणारा फ्लाउंडर दाबून धरण्याची जुनी रीत आहे.

उधाणाच्या दिवसांत पाण्याला जोर असतो, गाळ ढवळला जातो आणि हलके शिसे जागेवर राहत नाही. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद असतो. हलक्या साधनांना ते दिवस सोयीचे. परंतु भांग असो की उधाण, चिखलाच्या पट्ट्यावर पुढे जाऊन उभे राहणाऱ्याने एक गोष्ट विसरता कामा नये. भरती नेहमी समोरूनच येते असे नाही. ती मागच्या फाट्यांतून आधी भरते आणि माणूस उभा असलेल्या उंचवट्याचे बेट होते. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील मोरकॅम्ब उपसागरात ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर अशाच भरतीत बुडून मेले. काठावर परतण्याची वाट आणि भरतीची वेळ आधी पाहून ठेवणे, हा या विद्येचा पहिला पाठ समजावा.

काठी, दोरा आणि शिसे

मोकळ्या किनाऱ्यावर गरवणारा माणूस साडेतीन-चार मीटर लांबीची काठी आणि सुमारे १५० ग्रॅम शिसे वापरतो. खाडीतील हलक्या पद्धतीत काठी दोन ते अडीच मीटरांची, टोकाला लवचीक, रीळ लहान, नायलॉनचा दोरा, ज्याला आपल्याकडे तंगूस म्हणतात, तीन-चार किलोग्रॅम ताण सोसणारा, आणि शिसे २० ते ५० ग्रॅमांचे असते. शिसे इतके हलके चालते याचे कारण दोऱ्यात आहे. वाहते पाणी दोऱ्याला ढकलत असते, आणि शिशाला जो काही जोर धरावा लागतो त्यातील बराचसा या दोऱ्यावरील दाबामुळे असतो. दोऱ्याची जाडी निम्मी केली की प्रवाहाला अडणारी त्याची बाजूही निम्मी होते, आणि शिसेही त्या मानाने कमी करता येते. शिसे कमी झाले की काठी हलकी करता येते. सारी साखळी त्या पाव मिलिमीटरच्या धाग्यापासून सुरू होते.

शिसे दोऱ्याला पक्के बांधीत नाहीत. दोरा त्याच्या कड्यातून मोकळा सरकेल अशी योजना करतात, म्हणजे माशाने आमिष ओढले तर त्याला शिशाचे ओझे जाणवत नाही आणि ओढ सरळ काठीच्या टोकापर्यंत पोचते. अनुभवी माणूस शिसे मुद्दाम किंचित कमी ठेवतो; मग प्रवाह ते तळावरून हळूहळू गडगडत नेतो, आमिष चिखलाचा लहानसा ढग उडवीत पुढे सरकते, आणि पडून राहिलेल्या माशांच्या नजरेखालून ते एकामागून एक जाते.

या हालचालीचा उपयोग करणारे एक चमत्कारिक साधन इंग्लंडच्या खाड्यांत विशेष प्रचारात आले. पांढऱ्या किंवा रुपेरी पत्र्याचा सहा-सात सेंटिमीटरांचा चमचा, आणि त्याच्या मागे थोड्या अंतरावर कृमी लावलेला गळ. चमचा तळाजवळून सावकाश ओढला की लुकलुकतो व गाळ उडवितो, आणि फ्लाउंडर त्याच्या मागे लागतो. कोणी म्हणतात की त्याला तो भक्ष्य घेऊन पळणारा दुसरा मासा वाटतो, कोणी म्हणतात की नुसते कुतूहल. माशाच्या मनात काय असते हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी एवढे खरे की, बहुधा तो चमच्याला तोंड न लावता मागचा कृमीच घेतो.

आमिषांत रॅगवर्म सर्वत्र चालतो. कात टाकण्याच्या बेतात असलेला मऊ खेकडा त्याहून सरस मानतात. एवढे मात्र खरे की, त्या त्या खाडीतील चिखल खणून जे निघेल तेच त्या खाडीतील माशाच्या ओळखीचे असते. दुकानातून महाग आमिष आणण्याआधी फावडे हाती घेणे शहाणपणाचे.

दुसरी ओढ

मासा आमिष घेतो ते एका झटक्यात नव्हे. प्रथम तो कृमीचे टोक टिपतो, आणि काठीचे टोक दोन-तीन वेळा थरथरते. या वेळी काठी उचलली तर अर्धा कृमी हाती येतो. क्षणभर थांबल्यावर दुसरी, अधिक सलग ओढ जाणवते. आमिष आता तोंडात शोषले गेलेले असते. त्याच वेळी काठी हळूच उचलावयाची.

येथे हलक्या साधनांचे खरे मोल कळते. जाड दोर आणि जड शिसे यांनी ही थरथर काठीपर्यंत पोचतच नाही. मासा आमिष गिळतो, गळ जठराजवळ जाऊन रुततो, आणि काही वेळाने दोर गुंडाळणाऱ्याला टोकाशी मासा आढळतो. खाण्यासाठीच मासा ठेवावयाचा असेल तर त्यात काही बिघडले नाही. परंतु तो लहान निघाला तर? ओठात रुतलेला गळ काढून सोडलेला मासा बहुधा जगतो. जठरातला गळ उपसून काढलेला मासा बहुधा मरतो. म्हणून गळाचा दांडा लांब ठेवतात, म्हणजे तो बोटांना धरता येतो. काही जण गळाचा काटा चिमट्याने दाबून सपाट करतात. गळ फार खोल गेलाच, तर तो ओढण्यापेक्षा दोरा तोंडाजवळ कापून मासा तसाच पाण्यात सोडणे बरे. त्याला धरण्यापूर्वी हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो.

मासा लहान आहे की नाही हे ठरविण्याआधी तो कोणता आहे हे ठरवावे लागते, आणि खाडीच्या मुखाशी हे वाटते तितके सोपे नाही. तेथे फ्लाउंडरबरोबर प्लेस आणि डॅब हे त्याचे भाऊबंदही येतात. प्लेसच्या अंगावर नारिंगी ठिपके असतात, असे पुस्तकात वाचलेला मुलगा नारिंगी ठिपक्यांचा फ्लाउंडर पाहून हमखास फसतो, कारण काही फ्लाउंडरांवरही तसे पुसट ठिपके असतात. दोघांचा संकरही होतो. डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा. फ्लाउंडरच्या कडेच्या लांब परांच्या मुळाशी बोट फिरविले की बारीक काटेरी गाठींची रांग खरखरते. प्लेसचे अंग गुळगुळीत लागते, मात्र डोळ्यांच्या मागे हाडांचे काही उंचवटे ओळीने असतात. डॅबला शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरविले तर सारे अंगच कानशीसारखे लागते, आणि त्याची पार्श्वरेषा छातीच्या परावर कमानीसारखी वळलेली असते.

ही ओळख नुसती पुस्तकी हौस नव्हे. युनायटेड किंगडमच्या पाण्यात प्लेस किमान २७ सेंटिमीटर लांबीचा असल्याखेरीज ठेवता येत नाही, आणि त्या लांबीच्याही पुष्कळशा माद्यांनी एकदाही अंडी घातलेली नसतात. प्लेसची पिल्ले पहिली वर्षे उथळ, वाळूच्या किनाऱ्यांवर काढतात. नेमके तेथेच हलका गळ पडतो. ज्याला फ्लाउंडर समजून टोपलीत टाकले तो तळहाताएवढा प्लेस निघणे ही गोष्ट दुर्मीळ नाही. फ्लाउंडरचीही एक वेळ सोडून देण्याची असते. हिवाळ्यात प्रौढ मासे अंडी घालण्यासाठी खाडी सोडून समुद्रात जातात आणि वसंत ऋतूत परततात, तेव्हा ते इतके रोडावलेले असतात की उजेडासमोर धरले तर अंगातून प्रकाश दिसावा. त्या मांसाला चव नसते. उन्हाळाभर चरल्यानंतर शरद ऋतूत तोच मासा जाड आणि चवदार होतो. वसंतातला फ्लाउंडर मारणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही.

लंडनमधील मासा

इतकी वर्णने वाचून फ्लाउंडर कोठेही, कोणत्याही चिखलात मिळेल असा समज होण्याचा संभव आहे. थेम्स नदीचा इतिहास वेगळे सांगतो. एके काळी लंडनजवळच्या थेम्समध्ये फ्लाउंडर धरून विकणारे कोळी होते. शहर वाढले, मैला आणि कारखान्यांचे पाणी नदीत येत गेले, आणि पाण्यातील विरघळलेला प्राणवायू कमी होत गेला. सुमारे १९२० पासून पुढील चाळीस-एक वर्षे क्यू ते ग्रेव्हसेंड या लांब पट्ट्यात माशांची स्थायी वस्तीच उरली नव्हती. १९५७ साली तेथील नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या पाहणीत नदीचा हा भाग जीवशास्त्रीय दृष्ट्या मृत ठरला. चिखल होता, भरती होती. पाण्यात पुरेसा प्राणवायू नव्हता आणि म्हणून मासाही नव्हता.

पुढील दोन दशकांत बेक्टन आणि क्रॉसनेस येथील मैलाशुद्धीकरणाची केंद्रे सुधारण्यात आली. माशांचे परत येणे प्रथम कोणा गरवणाऱ्याच्या नव्हे, तर वीजकेंद्रांच्या ध्यानात आले. यंत्रे थंड करण्यासाठी नदीचे पाणी आत ओढताना कचरा अडविण्याच्या जाळ्या असतात. १९६४ पासून त्या जाळ्यांवर मासे सापडू लागले. संग्रहालयातील मत्स्यतज्ज्ञ अल्विन व्हीलर यांनी वेस्ट थरॉक आणि इतर वीजकेंद्रांवरील हे मासे गोळा करून त्यांची नोंद ठेवण्याचे काम हाती घेतले. वर्षागणिक जातींची यादी वाढत गेली, आणि तिच्यात फ्लाउंडर होता.

आता उन्हाळ्याच्या आरंभी फ्लाउंडरची पिल्ले भरतीगणिक एकेक टप्पा ओलांडीत लंडन शहरातून वर, टेडिंग्टनपर्यंत जातात. समुद्राची भरती तेथवरच पोचते. राजवाडे, पूल आणि गोद्या यांच्या खालून ही पिल्ले जात असताना काठावरच्या गर्दीतील कोणाला ती दिसत नाहीत. त्यांची लांबी तेव्हा तीन-चार सेंटिमीटर असते, आणि रंग थेम्सच्या चिखलाचा.